एक जुलैचे दोन फालिह

बसरा, ६ फेब्रुवारी २०२२

खालो,

सलाम. कानाचं नवं यंत्र कसं आहे? आई म्हणते, "माझ्या भावाला फोन करण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, भिंत निदान 'हॅलो, हॅलो' ओरडत नाही." म्हणून ईमेल लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

इथे सगळे बरे आहेत. नळाला अजून खारंच पाणी येतं. सुबूर मासा बाजारात आला, पण भाव ऐकून आईने मासेवाल्यालाच चार शब्द सुनावले. तुमच्या आठवणीने एक आणलाच शेवटी. काटे काढताना ती म्हणाली, "मुंजिर माल्मोत बसून बटाटे खात असेल."

आता कामाचं. आपल्या हॉस्पिटलच्या हृदयशस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीचा प्रोग्रॅम चार वर्षांपूर्वी मी लिहिला, तो तुमच्याच 'व्यक्ती' क्लासवर, माणसाची नोंद करायच्या तुमच्या साच्यावर, उभा आहे. 'व्यक्ती'मधून मी 'रुग्ण' काढला, त्यात आईचं नाव, फोन, आजार वगैरे घातलं. बाकी सगळं तुमचंच जसंच्या तसं वापरलं. नोव्हेंबरात मी तुमच्या काळापासून साचलेला कचराही साफ केला. नोंदणीच्या खिडकीवरच्या उम्म सज्जाद आठवतात ना? साठी ओलांडलेला जो तो आपल्याकडे एक जुलैचाच असतो, शिरगणतीवाल्यांनी ज्याचा दिवस माहीत नाही त्याला तोच देऊन टाकला. तर या बाईंनी काही जणांच्या तारखा दोन जुलै, तीन जुलै अशा करून ठेवल्या होत्या! कार्डावर एक, कॉम्प्युटरात दोन. सारखी तीच तारीख लिहून कंटाळल्या असाव्यात. अशा चौतीस नोंदी मी कार्डाप्रमाणे दुरुस्त केल्या आणि तारीख जुळल्याशिवाय नोंद पुढे सरकणारच नाही अशी कडी घातली. बाईंना चारचौघांत बोललेसुद्धा. त्या म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस बाई," आणि चहा पीत राहिल्या.

एक छोटी शंका आहे. तुमच्या 'व्यक्ती'त दोन ऑब्जेक्ट, म्हणजे साच्यातून निघालेल्या दोन नोंदी, 'सारखे' आहेत की नाहीत हे नेमकं कशावर ठरतं? सहज विचारतेय. घाई नाही.

तुमची
सुहाद


माल्मो, ११ फेब्रुवारी २०२२

सुहाद पोरी,

यंत्र झकास आहे. बर्फावर माझे स्वतःचेच बूट ऐकू येतात आणि शेजारीण बोलली की शिट्टी वाजते, म्हणजे दोन्ही बाजूंनी फायदाच. तुझ्या आईला, नजातला सांग, बटाटे मी खातो, पण रडत रडत खातो.

चार वर्षं माझ्या क्लासच्या डोक्यावर बसलीस आणि आता विचारतेस की खाली काय आहे! पण विचारलंस हे बरं केलंस. हल्लीची पोरं विचारत नाहीत, नुसती चिकटवतात.

तर ऐक. दोन ऑब्जेक्ट मशीनच्या पोटात वेगवेगळ्या जागी असतात. मशीनला तू काही शिकवलं नाहीस तर ते जागा बघतं आणि म्हणतं, हे दोन आहेत. पण एकच माणूस सोमवारी एका खिडकीवर येतो आणि गुरुवारी दुसऱ्या. ऑब्जेक्ट दोन होतात, माणूस एकच असतो. म्हणून सारखेपणा आपण ठरवून द्यायचा असतो. मी ठरवला तो असा: स्वतःचं नाव, बापाचं, आजोबाचं आणि जन्मतारीख. ही चार जुळली की माणूस एक. 'व्यक्ती'तून जे जे उपक्लास निघतील त्यांना हा नियम आपोआप मिळतो. त्यांनी आपला वेगळा लिहिला तरच बदलतो.

तू म्हणशील, ओळखपत्राचा नंबर का नाही घेतला? अगं, २००५ साल होतं. निम्मी नोंदणी कार्यालयं जळालेली आणि उरलेल्यांचे नंबर बाजारात विकत मिळत होते. मग आईचं नाव का नाही? त्या खिडकीसमोर पन्नास पुरुषांची रांग असताना एखाद्या शेखला मोठ्याने विचारून बघ, "आईचं नाव काय?" अर्धे भांडायला उठतात आणि अर्धे खोटं नाव ठोकून देतात. मी स्वतः माझ्या आईचं नाव तिथे कधी सांगितलं नसतं. आपल्या लोकांना ओळखून लिहिलेला प्रोग्रॅम आहे तो. म्हणून तर विद्यापीठाच्या पुस्तकात माझ्या नावानिशी छापला, अजून शिकवतात म्हणे.

उम्म सज्जादचं काय एवढं मनावर घेतेस? म्हातारी बाई आहे, सोडून दे. कडी मात्र जरा सैल ठेव, माणसांना त्रास होतो.

तुझा
मुंजिर


बसरा, १६ फेब्रुवारी २०२२

खालो,

सहज विचारत नव्हते. खोटं बोलले, माफ करा.

शजा नावाची एक बाई आहे. अबुल-खसीब गावातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवते. जानेवारीपासून दर मंगळवारी ती चौकशीच्या खिडकीवर येऊन विचारायची, "माझ्या वडिलांचा नंबर कधी?" वडिलांचं नाव फालिह हसन जासिम, जन्म १ जुलै १९५१, हृदयाची झडप बदलायची होती. पडद्यावर यायचं: शस्त्रक्रिया झाली, १२ डिसेंबर. ती म्हणायची, "झाली असती तर त्यांना दोन पायऱ्या चढून धाप लागली नसती." आमची माणसं तिला म्हणायची, "घरी नीट विचारा." मग एका रविवारी ती वडिलांनाच घेऊन आली. त्यांनी सगळ्यांसमोर सदऱ्याची बटणं काढून छाती दाखवली. छातीवर ओरखडासुद्धा नव्हता. त्या दिवशी मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं.

अशारमध्ये दुसरे एक फालिह हसन जासिम राहतात. तेही १ जुलै १९५१ चे, त्यांनाही झडपच बदलायची होती. डिसेंबरात त्यांचं ऑपरेशन झालं, बरे आहेत.

तुमचं पत्र आल्यावर उलगडा झाला. यादी रोज सकाळी नव्याने भरते, आणि मी ती अशा संचात ठेवलीय जो एकच वस्तू दोनदा घेत नाही. अशारचे फालिह आत गेले. मागून अबुल-खसीबचे आले. संचाने विचारलं, "हा आहे का आपल्याकडे?" माझ्या 'रुग्ण'ने स्वतःचा नियम लिहिलेला नव्हता, म्हणून त्याने तुमचाच वापरला आणि सांगितलं, "आहे." आणि संचाने त्यांना बाहेर ठेवलं. कुठे लाल अक्षर नाही, कुठे तक्रार नाही. आईचं नाव आणि फोन दोन्ही माझ्या क्लासमध्ये पडून होते, खालो. मी ते कुणाला विचारायलाच लावले नाहीत.

आता 'रुग्ण'मध्ये आईचं नावही जुळवणारा नवा नियम लिहिला आहे. हज्जी फालिह यादीत परत आले, ९ मार्चची तारीख मिळाली. पण एक नवीन भानगड झालीय. जुन्या 'व्यक्ती'ला विचारलं की तो म्हणतो, "मी आणि हा रुग्ण एकच." त्याच रुग्णाला विचारलं की तो म्हणतो, "मी याला ओळखत नाही." एकाच प्रश्नाची दोन उत्तरं येतात. काय करू?

आणि आणखी एक. हज्जी फालिहांची तारीख आधी २ जुलै होती. नोव्हेंबरात मीच ती १ केली. उम्म सज्जादना विचारलं, "तुम्ही हे का करत होतात?" त्या म्हणाल्या, "तुझ्या मामाला विचार." का म्हणाल्या तसं?

सुहाद


माल्मो, २० फेब्रुवारी २०२२

सुहाद,

शाब्बास! चूक सापडली, दुरुस्त झाली, माणसाला तारीख मिळाली. आणखी काय पाहिजे? प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या आयुष्यात असं एकदा होतंच. नजातच्या हातचं काहीतरी गोड खा आणि विसर.

तुझ्या भानगडीचं उत्तर सोपं आहे. सारखेपणा दोन्हीकडून सारखाच दिसला पाहिजे. मी तुझ्यासारखा आहे पण तू माझ्यासारखी नाहीस, हे नवराबायकोत चालतं, ऑब्जेक्टमध्ये नाही. तेव्हा दोघांनीही पहिल्यांदा समोरच्याचा क्लास बघायचा. एक 'व्यक्ती' आणि दुसरा 'रुग्ण' असेल तर तिथेच "नाही" म्हणून थांबायचं, पुढचं काही तपासायचं नाही. हे मूळ क्लासमध्येही लिहावं लागेल, नुसतं तुझ्यात लिहून भागायचं नाही. तुला माझ्या क्लासला हात लावायची परवानगी आहे, जपून लाव.

उम्म सज्जाद काय, काहीही अडलं की माझ्यावर ढकलायची तिची जुनी सवय आहे. वय झालं, गोंधळ होतो तिचा.

इथे बर्फ वितळायला लागलाय आणि खालून चिखल निघालाय.

मुंजिर


बसरा, १४ मार्च २०२२

खालो,

हज्जी फालिह ३ मार्चला गेले. तारखेला सहा दिवस होते. सकाळी अंगणात खुर्ची काढून बसले, शजाने चहा आणून दिला, आणि ती कप न्यायला परत आली तर ते गेलेले होते.

मी फातिहाला, दुखवट्याच्या बैठकीला गेले. बायकांच्या बाजूला बसले. शजा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुम्ही त्यांना परत यादीत घेतलंत, अल्लाह तुमचं भलं करो." मी तिथून उठून आले.

आता चौकशी बसली आहे. संचालक गस्सान यांच्या टेबलावर एक छापील कागद आहे: गेल्या तेरा वर्षांत चौतीस जन्मतारखा बदलल्या, सगळ्या उम्म सज्जादच्या खात्यातून. निष्कर्ष आधीच लिहून तयार आहे, "नोंदणी कर्मचाऱ्याने अधिकृत माहितीत फेरफार केल्याने नोंदींचा घोळ झाला." खाली तांत्रिक विभाग म्हणून माझी सही पाहिजे. मी गस्सानना म्हटलं, "डॉक्टर, घोळ फेरफारामुळे झाला नाही, मी फेरफार काढला म्हणून झाला." ते म्हणाले, "बेटी, कॉम्प्युटर चुकला म्हटलं तर उद्या अख्ख्या हॉस्पिटलवर कुणी विश्वास ठेवणार नाही. बाईला घरी पाठवू, तिची तीनच वर्षं राहिलीत. तू तुझ्या मामाच्या नावाचा तरी विचार कर."

उम्म सज्जादना चौकशी समितीपुढे बोलावलं. समितीने विचारलं, तारखा का बदलल्या? त्या म्हणाल्या, "मला तसं करायला सांगितलं होतं. ज्याने सांगितलं तो इथे नाही." नाव घेतलं नाही. बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला. हात सोडवून घेत त्या म्हणाल्या, "अगं, मला दोन फालिह दिसत होते. एक खोकायचा, एक खोकत नव्हता. तुझ्या त्या डब्याला एकच दिसत होता."

त्या बाईंनी चौतीस माणसांना वेगळं ठेवलं होतं. मी चौतीस जणांना परत एकमेकांवर ढकललं, वर त्यांना शहाणपण शिकवलं.

खालो, तुम्हाला काय माहीत आहे? आता खरं सांगा.

सुहाद


बसरा, २४ मार्च २०२२

दहा दिवस झाले. रविवारी सही करायची आहे. आई विचारते, मुंजिरची तब्येत बरी आहे ना? मी काय सांगू?

सुहाद


माल्मो, २५ मार्च २०२२

सुहाद,

तब्येत बरी आहे. लाज वाटत होती, म्हणून गप्प होतो.

२००९ च्या उन्हाळ्यात रक्तदात्यांच्या यादीत दोन माणसं एक झाली. नावं आता आठवत नाहीत, पण तारीख आठवते, एक जुलै. एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावावर चढला होता. ती पिशवी कुणाला लागायच्या आत उम्म सज्जादने पकडलं. मी नाही, तिने. ती माझ्याकडे आली आणि मला एका मिनिटात कळलं की मी काय करून ठेवलंय. अख्ख्या देशाला सरकारने एकच वाढदिवस वाटलाय हे मला माहीत नव्हतं का? माझा बाप एक जुलैचा, माझा सासरा एक जुलैचा. तरी मी तारखेवर भिस्त ठेवली, कारण आईचं नाव विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं. तुला मी लिहिलं की लोकांना ओळखून केलं. खरं म्हणजे लोकांना घाबरून केलं.

नियम बदलायचा तर त्याच्यावर उभे असलेले सगळे उपक्लास तपासावे लागले असते. महिनाभराचं काम होतं. माझा व्हिसा आला होता, आठ दिवसांत निघायचं होतं. मी उम्म सज्जादला म्हटलं, असं जुळं आलं की दुसऱ्याची तारीख एक दिवस पुढे ढकलत जा, पुढे कुणीतरी नीट करेल. ती म्हणाली, "उस्ताद, लिहून द्या." मी म्हटलं, "माझा शब्द पुरे नाही का?" तेरा वर्षं तिने तो शब्द पाळला आणि मी तो विसरून गेलो.

विसरलो म्हणतो, पण तेही खोटं आहे. तुझं पहिलं पत्र वाचलं, चौतीस तारखा दुरुस्त केल्या असं वाचलं, तेव्हाच माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्याच दिवशी दोन ओळी लिहायला हव्या होत्या: पोरी, त्या तारखा आत्ताच्या आत्ता परत फिरव. मी पाच दिवस घेतले, आणि पाठवली ती फुशारकी. तुला स्वतः शोधून काढायला आणखी पाच लागले. दहा दिवस माझ्यामुळे गेले. हज्जींना सहा दिवस कमी पडले. हे गणित मी रोज करतो आणि रोज तेच उत्तर येतं.

सोबत माझं सहीचं निवेदन आहे. तारखा बदलायला मीच सांगितलं, दोष मूळ क्लासमधला आहे, मला तो २००९ पासून माहीत होता, उम्म सज्जादची काही चूक नाही. विद्यापीठालाही एक प्रत पाठवली, म्हटलं पुस्तकातून ते पान काढा. गस्सानला सांग, माझ्या नावाची काळजी त्याने करू नये.

हज्जींच्या घरच्यांना मी वेगळं पत्र लिहिलंय. ते तुझ्या हाती देत नाही. भाचीच्या पदराआडून माफी मागितली असं व्हायला नको. इथला शेजारी अबू लैस पुढच्या आठवड्यात बसऱ्याला येतोय, तो घर शोधून देईल.

तू काय सही करायची ते मी सांगणार नाही. तो हक्क मी घालवला.

मुंजिर


बसरा, १० एप्रिल २०२२

खालो,

तुमचं निवेदन मी समितीसमोर मोठ्याने वाचलं. गस्सान म्हणाले, "परदेशातून आलेल्या कागदाला काय अर्थ आहे?" मग मी माझा कागद ठेवला. त्यात लिहिलं होतं की 'रुग्ण' क्लास माझा आहे, सारखेपणाचा नियम मी तपासला नाही, आणि दुरुस्त तारखा मी मोडल्या. दोन कागद एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर त्यांना काही करता येईना. उम्म सज्जाद खिडकीवर परत आल्या. मला तळघरातल्या जुन्या फायलींकडे पाठवलंय. रमजान चालू आहे, खाली निदान गारवा आहे.

जायच्या आधी गस्सानकडून एक गोष्ट भांडून घेतली. नवा नियम चार वर्षांच्या सगळ्या कागदी अर्जांवर चालवला. उम्म सज्जाद आणि मी, दोघी समोरासमोर बसून वाचत होतो. त्यांच्या नजरेतून सुटलेली अकरा माणसं निघाली, जी कधी यादीत आलीच नव्हती. मी नावं वाचायची आणि त्या फोन लावायच्या. "हज्जी आहेत का? आईचं नाव सांगा बरं. लाजू नका, मी तुमच्या बहिणीच्या वयाची आहे." आठ जणांनी उचलला, तारखा दिल्या. दोघांचा नंबर बंद लागतो. उरलेल्या एकाच्या मुलाने सांगितलं की वडील दोन वर्षांपूर्वीच गेले. त्याने कुणाला दोष दिला नाही. "हृदय कमजोर होतं हो त्यांचं," म्हणाला. फोन ठेवून उम्म सज्जादनी पुढचा नंबर मागितला.

तुमच्यावर मी रागावले आहे. जाईल की नाही माहीत नाही. पण तुम्ही गप्प राहिला असतात तर मी ती सही केली असती, असं मला वाटतं, आणि त्याची मला भीती वाटते. आईला सगळं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "त्याला लिही, जेवत जा."

जेवत जा.

सुहाद


अबुल-खसीब, ८ मे २०२२

उस्ताद मुंजिर यांना,

मी हज्जी फालिह हसन जासिम यांची मुलगी शजा. तुमचं पत्र मिळालं. मिळायला महिना लागला, त्याचं कारण आधी सांगते.

तुम्ही पाकिटावर लिहिलं होतं, "हज्जी फालिह हसन जासिम यांच्या घरी." बाकी काही नाही. तुमच्या शेजाऱ्याने अशारच्या बाजारात, चहाच्या दुकानात विचारलं, हृदयाच्या ऑपरेशनचे हज्जी फालिह कुठे राहतात? लोकांनी बोट दाखवलं. समोरच बसले होते. त्याने पत्र त्यांच्या हातात ठेवलं, हातावर हात ठेवून दुःख व्यक्त केलं आणि तो निघून गेला. एवढं सगळं झाल्यावरही तुम्ही तीच तीन नावं लिहिलीत, उस्ताद.

त्यांना वाचता येत नाही. मुलाने पत्र वाचून दाखवलं. आपल्या नावाचा दुसरा कुणी माणूस होता हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हतं. मुलगा म्हणाला, हे आपलं नाही, फाडून टाकू. त्यांनी फाडू दिलं नाही. रमजानभर ते पत्र उशीखाली ठेवलं आणि आमचं घर शोधत राहिले.

ईदच्या दुसऱ्या दिवशी आले. वडिलांशिवायची आमची ही पहिलीच ईद होती, दार उघडायची माझी इच्छा नव्हती. दारात सत्तरीचा एक माणूस उभा होता. काठी टेकत म्हणाला, "बेटी, मी फालिह हसन." मला वाटलं, कुणी क्रूर थट्टा करतंय. आईने आतून नाव ऐकलं आणि तिच्या हातातलं ताट पडलं.

मी त्यांना आत घेतलं. का घेतलं ते माहीत नाही. जानेवारीत पडद्यावर "शस्त्रक्रिया झाली" असं दाखवायचे तेव्हा मी मनात या माणसाला शिव्या दिल्या होत्या, तो कोण हे माहीत नसताना. वडिलांच्या तसबिरीसमोर ते बसले आणि पत्र गुडघ्यावर ठेवलं. म्हणाले, "तुझ्या बापाचं ऑपरेशन मी घेतलं का गं?" मी म्हटलं, "नाही हज्जी. तुमचा नंबर तुमचाच होता. त्यांचाही त्यांचा होता." हे मी मुलींना शिकवते तसं स्पष्ट सांगितलं, कारण दोन वेगळ्या गोष्टी एक करू नयेत एवढं मला कळतं. ते म्हणाले, "मग मला रात्री झोप का लागत नाही?"

तुम्ही माफी मागितली आहे. माझ्याकडे ती नाही. आई आतल्या खोलीतून अजून बाहेर आलेली नाही, तिच्याकडे असेल तर तीच देईल, आणि तिला विचारायला तुम्हाला इथे यावं लागेल. उम्म सज्जाद फातिहाच्या तिन्ही दिवशी येऊन आमच्याकडे चहाचे पेले विसळत होत्या. त्या कोण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलंही नाही.

निघताना हज्जी दारात थांबले. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, तिथून टाके घातल्याची खूण दिसत होती. मी तिच्याकडेच बघत होते, ते त्यांच्या लक्षात आलं. "मी काय करू, बेटी?" ते म्हणाले. "सांगशील ते करीन."

मी म्हटलं, "औषधं वेळेवर घेत जा."

शजा फालिह हसन